किन्शासा: गाण्यात नाव येण्याची किंमत

किन्शासात तयार झालेलं एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकून बघा. सुरुवातीला प्रेमाची तक्रार असते. दोन-तीन गायक संथ, लाडिक सुरात एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून ती गात असतात. मग एखादी ओळ संपता संपता गायक कुणाचं तरी नाव घेतो. पूर्ण नाव, त्यापुढे गाव किंवा हुद्दा: ब्रुसेल्सचे अमुक, हिऱ्याचा व्यापार करणारे तमुक, कुठल्याशा खात्याचे संचालक, त्यांची पत्नी, त्यांची मुलं. रुसलेल्या प्रेयसीचा यातल्या कुणाशीही काडीचा संबंध नसतो. तक्रार पुढे चालू राहते आणि दोन ओळींनंतर आणखी एक नाव येतं. गिटारी वेग घेतात तेव्हा तर नावांची नुसती सरबत्ती होते.

ही नावं फुकट येत नाहीत. लिंगाला भाषेत या प्रकाराला 'लिबांगा' म्हणतात. लिबांगा म्हणजे दगड, अनेकवचनी 'मबांगा'. गायक गाण्यातून दगड भिरकावतो आणि ज्याच्या नावाचा दगड असेल त्याने खिशात हात घालायचा. कधी रोकड मिळते, कधी विमानाचं तिकीट, कधी गाडी. गायकाने स्वतः नाव घेतलं तर भाव वेगळा, वाद्यवृंदातल्या ओरडणाऱ्या पोऱ्याने घेतलं तर वेगळा. सगळ्यात वरचा मान म्हणजे गाण्याचं शीर्षकच त्या माणसाच्या नावाचं असणं. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचं नाव बोर्डावरून पुकारलं जाताना ज्यांनी ऐकलंय, त्यांना यात नवल वाटायचं नाही. फरक इतकाच, की फडातली पुकार त्या रात्रीपुरती. किन्शासातली पुकार ध्वनिमुद्रित होते आणि वीस वर्षांनी नैरोबीच्या बसमध्ये किंवा पॅरिसच्या सलूनमध्येही वाजते. त्या माणसाचं पुढे दिवाळं निघालं असेल, तो तुरुंगात गेला असेल किंवा वारला असेल, गाण्यात तो श्रीमंतच राहतो.

काँगोच्या संगीतावर लिहिणारे बरेच युरोपीय लेखक या नावांकडे नाक मुरडून बघतात. त्यांच्या मते ही कलेला लागलेली कीड. मला ते पटत नाही. या शहरात गाण्यावर कोण पैसे लावतं हे पाहिल्याशिवाय गाणं इतकं लांब का, दोन तुकड्यांत का, वाद्यवृंदात वीस-पंचवीस माणसं का, यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर मिळत नाही.

आधी शहर पाहू. काँगो नदीच्या काठावर १८८१ साली हेन्री मॉर्टन स्टॅनलीने ठाणं वसवलं आणि बेल्जियमच्या राजावरून त्याचं नाव लिओपोल्डव्हिल ठेवलं. १९६६ साली ते किन्शासा झालं. समोरच्या तीरावर ब्राझाव्हिल, काँगो नावाच्याच दुसऱ्या देशाची राजधानी. मधे फक्त नदीचं पात्र, त्यामुळे एकीकडच्या दारूगुत्त्यातली गाणी दुसरीकडे पोहोचायला कधी वेळ लागला नाही. देशाची शेवटची जनगणना झाली १९८४ साली, तेव्हा शहरात साधारण सव्वीस लाख माणसं होती. आज एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. पक्कं मोजायला पुन्हा कुणी गेलेलं नाही.

बेल्जियन राजवटीत शहराचे दोन भाग होते. नदीकाठी गोऱ्यांचं 'व्हिल', आत आफ्रिकनांची 'सिते', आणि मधे मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा, ज्यात गोल्फचं मैदान, प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान होतं. रात्री आफ्रिकन माणसाला गोऱ्यांच्या भागात थांबायची मुभा नव्हती. दिवसभर बंदरात, कचेऱ्यांत, गिरण्यांत राबून माणसं सितेत परतत आणि बारमध्ये जमत. हे सगळे वेगवेगळ्या टापूंतून, वेगवेगळ्या भाषा घेऊन आलेले. नदीवरच्या व्यापाराची आणि फौजेची लिंगाला त्यांची सामायिक भाषा झाली आणि तिच्यात गाणी होऊ लागली.

चाली आल्या क्युबातून. १९३० च्या दशकात एचएमव्हीने आफ्रिकेत विकायला काढलेल्या 'जीव्ही' मालिकेतल्या क्युबन तबकड्या इथे धडाक्याने खपल्या. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या माणसांमध्ये काँगोच्या खोऱ्यातले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वंशजांनी घडवलेला ताल तबकडीवर स्वार होऊन परत आला आणि ऐकणाऱ्यांना तो अनोळखी वाटला नाही. त्याला नाव मात्र चिकटलं रुंबा. खऱ्या क्युबन रुंब्याशी त्याचं नातं फारसं जवळचं नाही, पण एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही.

या गाण्यांचं ध्वनिमुद्रण कुणी केलं, तर शहरातल्या ग्रीक दुकानदारांनी. कापडचोपड, भांडीकुंडी विकता विकता त्यांनी तबकड्याही विकायला घेतल्या आणि मग स्वतःच काढायला लागले. निको जेरोनिमिडिसने १९४८ साली 'न्गोमा' कंपनी काढली. त्याच साली आलेलं वेंडो कोलोसॉयचं 'मारी-लुईझ' हे गाणं इतकं गाजलं, की मध्यरात्री ते वाजवलं तर मेलेले उठून येतात अशी वदंता पसरली. मिशनरी धास्तावले आणि वेंडोला काही काळ शहराबाहेर राहावं लागलं. म्हणजे या संगीताचा जन्म राजदरबारात झाला नाही, देवळातही नाही. तो झाला दुकानाच्या मागच्या खोलीत.

बारमध्ये बायकांची मंडळंही जमत. पैसे जमवून एकमेकींच्या अडीनडीला उभं राहणारी, सणासुदीला एकसारखी वस्त्रं नेसून येणारी ही मंडळं. त्यातल्या बऱ्याच बायका स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या होत्या. वाद्यवृंद त्यांच्या नावाने गाणी करत आणि बायका गर्दी खेचून आणत. मबांगाचं मूळ शोधायचं तर ते इथे, १९५० च्या दशकातल्या या बायकांपाशी सापडतं. मंत्री आणि हिरेवाले फार नंतर आले.

त्या काळातल्या दोन मोठ्या वाद्यवृंदांकडे पाहिलं, तर नावाचा हा धागा ठळक दिसतो. जोसेफ काबासेलेचा 'आफ्रिकन जॅझ' १९५३ चा. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी जानेवारी १९६० मध्ये काँगोचे पुढारी ब्रुसेल्सला गेले, तेव्हा हा वाद्यवृंदही सोबत होता. तिथेच 'अँडेपांडांस चा चा' जन्मलं. सगळ्या आफ्रिकेत स्वातंत्र्याचं गाणं म्हणून ते वाजलं. त्यात आहे काय, तर वाटाघाटीला बसलेल्या पुढाऱ्यांची आणि पक्षांची नावं, एकापाठोपाठ एक. एका कागदावर आणायला जड गेलेली माणसं काबासेलेने एका चालीत बसवली. पुढच्या काही महिन्यांतच त्यातले काही जण एकमेकांच्या जिवावर उठले आणि वर्षभरात पहिला पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा याचा खून झाला.

दुसरा वाद्यवृंद 'ओके जॅझ', १९५६ चा. ज्या बारमध्ये ही पोरं वाजवत, त्याच्या मालकाचं नाव ऑस्कर कशामा. त्याच्या आद्याक्षरांवरून 'ओके'. म्हणजे खुद्द वाद्यवृंदाच्या नावातच आश्रयदाता बसलेला. याच वाद्यवृंदातल्या फ्रान्को लुआंबो माकियादीने पुढची तीस वर्षं या शहरावर राज्य केलं. फ्रान्कोला शिक्षण बेताचं, पण कान असा तयार, की बाजारातल्या भांडणाचा सूरही तो गिटारीवर उतरवायचा. त्याच्या गाण्यांत सबंध शहर सापडतं. १९८५ सालचं 'मारियो' घ्या. पदव्या मिळवलेला एक तरुण वयाने मोठ्या, पैसेवाल्या बाईच्या जिवावर खुशाल राहतो आणि वर तिच्यावरच हात उचलतो, त्याची ही कथा. ते इतकं पोहोचलं, की अशा तरुणाला आफ्रिकेत 'मारियो' म्हणू लागले. १९८७ साली एड्सबद्दल उघड बोलायला सरकारं कचरत होती, तेव्हा त्याने त्यावर लांबलचक गाणं केलं. १९७८ साली अश्लील गाण्यांपायी तुरुंगातही जाऊन आला. हाच फ्रान्को १९७३ साली फोक्सवॅगनच्या विक्रेत्यासाठी 'आझ्दा' गातो आणि ती जाहिरात आहे हे विसरून लोक आजही त्यावर नाचतात. १९८४ साली तो देशाचा हुकूमशहा मोबुटू याच्या उमेदवारीचं गाणंही करतो. यातला कोणता फ्रान्को खरा, असं विचारण्यात अर्थ नाही. हे सगळे एकाच दुकानातले व्यवहार होते. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये तो बेल्जियममध्ये वारला, तेव्हा मोबुटूने चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला.

मोबुटूला गाण्याची ताकद कळत होती. १९७१ मध्ये त्याने देशाचं नाव झाईर केलं आणि 'अस्सलपणा'च्या मोहिमेत माणसांना ख्रिस्ती नावं टाकायला लावली. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग, सेलिया क्रूझ आणि मिरियम मकेबा यांचा तीन दिवसांचा महोत्सव त्याच्या राजवटीत किन्शासात झाला. मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या मुष्टियुद्धाच्या लढतीला लागूनच तो होणार होता, पण सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत ३० ऑक्टोबरवर गेली. महोत्सव मात्र ठरल्या दिवशी झाला. तोवर देशाची तिजोरी तांब्यावर भरत होती. १९७३ च्या अखेरीस परक्यांचे धंदे काढून मर्जीतल्या माणसांना वाटले गेले, पाठोपाठ तांब्याचा भाव कोसळला, आणि तिथून जी घसरण लागली ती थांबेचना.

सप्टेंबर १९९१ मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी शहर लुटलं. नंतर सरकारने पन्नास लाख झाईरची नोट छापली. व्यापारी ती घेईनात, आणि सैनिकांचा पगार नेमका त्याच नोटांत झाला होता. जानेवारी १९९३ मध्ये शहर पुन्हा लुटलं गेलं. महागाई वर्षाला हजारो टक्क्यांनी वाढत होती. तबकड्यांचा धंदा आधीच गेला होता आणि कॅसेटच्या नकला मूळ कॅसेटच्या आधी बाजारात येत होत्या. गाण्याच्या स्वामित्वाचे पैसे वसूल करणारी सरकारी संस्था कागदावर होती. अशा शहरात गायकाने खायचं काय?

ऐकणाऱ्याकडे पैसा नव्हता, म्हणून तो ऐकला जाऊ इच्छिणाऱ्याकडून घ्यायचा. उत्तर इतकं सरळ होतं. मबांगा पूर्वीही होतेच, पण या काळात ते जोडकमाई न राहता मुख्य कमाई झाले. कॉफी ओलोमिदेसारख्या गायकाच्या अल्बममध्ये नावांची रेलचेल झाली. देणाऱ्यालाही ते परवडत होतं. बँक बुडालेली, न्यायालयावर विश्वास नाही, वर्तमानपत्र घेण्याची ऐपत थोड्यांची. अशा ठिकाणी आपण कुणीतरी आहोत, आपल्याकडे देण्याजोगं आहे, हे शहराला कळवायचं कसं? गाण्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नव्हता. युरोपात गाडीचे सुटे भाग विकून चार पैसे जमवलेला मुलगाही गावाकडच्या चाळीस नातेवाइकांना आपली खुशाली याच मार्गाने कळवत असे.

आता गाण्याच्या रचनेकडे येऊ. काँगोच्या गाण्याचे दोन भाग असतात. पहिला संथ, शब्दांचा. मग ताल बदलतो आणि 'सेबेन' सुरू होतो. एक गिटार खालच्या सुरांत ताल धरते, दुसरी मधल्या सुरांत विणकाम करते, तिसरी वरच्या पट्टीत छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवते, दरवेळी किंचित बदलून. हा भाग नाचायचा. १९६९ च्या डिसेंबरमध्ये काही विद्यार्थी पोरांनी 'झायको लांगा लांगा' सुरू केला आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन बाजूला सारून गिटारी आणि ड्रम पुढे आणले. त्यांच्या ड्रमवादकाला, मेरीजो बेलोबीला, त्याचा तो प्रसिद्ध ताल आगगाडीच्या खडखडाटातून सुचला असं सांगतात. सेबेन शेपटीसारखा होता, तो हळूहळू गाण्याचं धडच झाला.

१९८२ च्या सुमारास झायकोने आणखी एक गोष्ट केली. रस्त्यावर लोकसंगीत वाजवणाऱ्या एका पथकातली दोन पोरं त्यांनी मंचावर आणली. ती गात नसत, ओरडत. नाचाच्या नव्या चालीचं नाव, पाय कुठे टाकायचा त्याची सूचना, एखादी म्हण, एखादा चावट शेरा, सगळं तालात. त्यांना 'अतालाकू' म्हणू लागले. त्यांच्या हातातला खुळखुळा बघण्यासारखा असतो. डास मारायच्या फवाऱ्याचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला भोकं पाडायची, आत खडे किंवा बिया घालायच्या. विकतच्या मराकसपेक्षा याचा आवाज कडक, गिटारींच्या गदारोळातही कापत जाणारा. बॉब व्हाइट हा मानवशास्त्रज्ञ १९९० च्या दशकात संशोधनासाठी किन्शासात गेला आणि तिथल्या एका वाद्यवृंदात चक्क अतालाकू म्हणून उभा राहिला. पुढे २००८ साली त्याचं 'रुंबा रूल्स' हे पुस्तक आलं. मंचावरचं मोबुटूशाहीचं प्रतिबिंब त्याने त्यात नेमकं पकडलंय: एक साहेब, त्याच्या भोवती खुशमस्करे, पगार ठरलेला नाही पण मर्जी राखली तर काहीतरी हातात पडतं.

अतालाकू आला आणि सेबेनमध्ये नावांना जागाच जागा झाली. संथ भागात नाव घ्यायचं तर ओळीची लय सांभाळावी लागते, दोन-चार नावांवर गाडी अडते. सेबेनमध्ये गिटारींचा गालिचा अंथरलेलाच असतो, त्यावर हवं तेवढं ओरडता येतं. जितका सेबेन लांब तितकी जागा जास्त. आठ-दहा मिनिटांची गाणी, दोन-दोन सीडींचे अल्बम, यामागे केवळ कलावंताची हौस नाही.

मैफलही अशीच लांबते. जाहिरातीत संध्याकाळची वेळ असते, पण त्या वेळी फार तर वाद्यं जोडत असतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर मोठ्या बाटल्यांतली प्रिमस किंवा स्कोल. देशातल्या दोन मोठ्या बिअर कंपन्यांची ही दोन पेयं, आणि आघाडीच्या गायकांना आपापल्या बाजूला ओढायला या कंपन्यांनी वर्षानुवर्षं पैसा ओतला आहे. आधी कनिष्ठ गायक गातात, जुनी गाणी होतात. मुख्य गायक येतो मध्यरात्र उलटल्यावर. मग टेबलावरून एकेक जण उठतो, मंचावर चढतो, नाचणाऱ्या गायकाच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवतो, दुसरी त्याच्या खिशात सरकवतो आणि सगळ्यांनी पाहिलं याची खात्री करून सावकाश खाली उतरतो. वीज मध्येच गेली तर जनरेटर लागतो. इंगाच्या धबधब्यांवर दोन मोठी धरणं १९७२ आणि १९८२ मध्ये झाली तरी राजधानीत वीज भरवशाची नाही, म्हणून डिझेलचा खर्च हा इथल्या संगीताच्या हिशेबातला कायमचा रकाना आहे.

वाद्यवृंद मोठा असण्याचंही कारण आहे. बेकार पोरांच्या शहरात वाद्यवृंद ही नोकरी असते, शाळा असते आणि जमलं तर युरोपची वाट. पापा वेंबा, झायकोतून बाहेर पडून १९७७ मध्ये 'व्हिव्हा ला म्युझिका' काढणारा मोठा गायक, २००३ साली फ्रान्समध्ये पकडला गेला. वाद्यवृंदाचे सदस्य दाखवून पैसे घेऊन माणसं युरोपात आणल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. किन्शासात त्याची प्रतिमा यामुळे मळली म्हणावं तर तसं फारसं झालं नाही. पोरं तिकडे पोहोचवली, यात गैर काय, असं म्हणणारेच अधिक. हाच पापा वेंबा 'साप' पंथाचा, म्हणजे उंची कपड्यांच्या भक्तांचा, मुकुटमणी. चिखलाच्या गल्लीतून जपानी शिंप्याचा सूट आणि फ्रेंच बूट घालून चालायचं आणि त्यांच्या निर्मात्यांची नावं मोठ्याने घ्यायची. म्हणजे इथेही नावंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये आबिजानला गाता गाता तो मंचावरच कोसळला आणि गेला.

फाटाफुटीही ठरलेल्या. १९९७ मध्ये 'वेंगे म्युझिका' फुटला आणि जे. बी. म्पियाना व वेरासॉन यांचे दोन वाद्यवृंद समोरासमोर उभे राहिले. गल्ल्या वाटल्या गेल्या, टीव्हीवर रोज वादविवाद रंगले. पूर्वेकडे तेव्हा लाखोंचा बळी घेणारी युद्धं चालू होती आणि राजधानी म्पियाना की वेरासॉन यावर हमरीतुमरीला येत होती. याला बेफिकिरी म्हणायचं की दुसऱ्या कशाबद्दल बोलण्याची सोय नव्हती म्हणायचं, हे बाहेरच्याने ठरवू नये.

या व्यवस्थेच्या कडेलाही संगीत आहे. अंगोलाच्या सीमेकडच्या बाझोंबो लोकांचं लिकेंबे, म्हणजे अंगठ्यांनी छेडायच्या पट्ट्यांचं वाद्य, 'कोनोनो नंबर वन'च्या मावांगू मिंगिएदीने गाडीच्या भंगारातल्या चुंबकांचे मायक्रोफोन करून भोंग्यांवर वाजवलं. शहराच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून केलेल्या या खटपटीतून एक खरखरीत, घुमणारा नाद निघाला आणि २००४ नंतर युरोप त्याच्या प्रेमात पडला. 'स्टाफ बेंडा बिलिली' ही पोलिओने पाय गेलेल्या वादकांची मंडळी प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात सराव करायची. त्यांचा पहिला अल्बम २००९ चा. बर्लिन आणि लंडनमध्ये ही नावं गाजली, पण किन्शासातल्या माटोंगे भागातल्या बारमध्ये त्यांची गाणी क्वचितच लागतात. तिथे हिरे, हुद्दे आणि सूट यांचीच गाणी हवी असतात. बेंडा बिलिलीच्या गाण्यांत पुठ्ठ्यावर झोपण्याबद्दल असतं, आणि जे रोज दिसतं ते ऐकायला पैसे मोजून कोण येणार?

मंचावर घेतलेलं नाव कधी उलटतंही. २००६ आणि २०११ च्या निवडणुकांत अनेक मोठे गायक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांच्यासाठी गायले. पॅरिस, ब्रुसेल्स आणि लंडनमधल्या काँगोच्या स्थलांतरितांतला एक गट चिडला. स्वतःला 'काँबाताँ', लढवय्ये, म्हणवणाऱ्या या लोकांनी या गायकांचे युरोपातले कार्यक्रम होऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं आणि वर्षानुवर्षं होऊ दिले नाहीत. २००० साली कॉफी ओलोमिदेने पॅरिसचं बेर्सी सभागृह भरवलं होतं. २८ फेब्रुवारी २०२० ला फाली इपुपा तिथेच गायला, तेव्हा आत प्रेक्षक होते आणि बाहेर, गार द लिऑन स्थानकाजवळ, गाड्या जळत होत्या.

फाली इपुपा हा आजचा सगळ्यात मोठा गायक. ओलोमिदेच्या वाद्यवृंदात तयार झाला आणि २००६ पासून स्वतंत्र गातो. त्याच्या वाटचालीत दोन बाजारांची ओढाताण दिसते. इंटरनेटवर गाणं अर्धा मिनिट वाजलं की एकदा वाजल्याची नोंद होते. ते तीन मिनिटांचं असो की बारा, पैसे तितकेच. लांब सेबेनला तिथे भाव नाही, मबांगा तर लागोसच्या किंवा ल्यॉनच्या ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातात. २०१७ च्या 'टोकूस' अल्बममध्ये त्याने आटोपशीर गाणी केली, नायजेरियाच्या विझकिडपासून फ्रान्सच्या बूबापर्यंत पाहुणे आणले. घरच्या श्रोत्यांनी विचारलं, रुंबा कुठाय? २०२२ च्या अखेरीस त्याने तीसच्या आसपास गाण्यांचा लांबलचक अल्बम काढला, रुंब्याने भरलेला. त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरला किन्शासाच्या शहीद स्टेडियमवर त्याची मैफल होती. ऐंशी हजारांच्या जागेत त्याहून कितीतरी जास्त माणसं शिरली आणि चेंगराचेंगरीत अकरा जण मेले.

नावं न घेणारी गाणीही आता शहरात आहेत. 'एमपीआर' हे दोन तरुण रॅपरांचं नाव मोबुटूच्या एकमेव पक्षाच्या आद्याक्षरांवर बेतलेलं. २०२१ मध्ये त्यांनी 'निनी तोसाली ते' केलं. मत दिलं, मोर्चे काढले, शिकलो, प्रार्थना केल्या, मग आम्ही करायचं राहिलं तरी काय, असा त्याचा आशय. कुणाही साहेबाचं कौतुक त्यात नाही. नोव्हेंबरमध्ये गाणी तपासणाऱ्या सरकारी आयोगाने परवानगी घेतली नाही या कारणाखाली त्यावर बंदी घातली. त्यातून इतका गदारोळ झाला, की काही दिवसांतच ती उठवावी लागली आणि मधल्या काळात ज्याने ते ऐकलं नव्हतं त्यानेही ऐकलं. त्याच्या आदल्या वर्षी ज्येष्ठ गायिका त्शाला मुआना यांना 'कृतघ्नता' या अर्थाच्या शीर्षकाच्या गाण्यापायी अटक झाली होती. त्यातही कुणाचं नाव नव्हतं, पण ते नव्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून आहे असा अर्थ सगळ्या शहराने काढला. त्यांना दुसऱ्या दिवशी सोडलं.

'निनी तोसाली ते'वरच्या बंदीला महिना-सव्वा महिना झाला असेल नसेल, तोच १४ डिसेंबर २०२१ रोजी युनेस्कोने काँगोच्या रुंब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सरकारांनी मिळून हा अर्ज केला होता.